उणे एकचा आयवा घात आणि माझं एक शून्य

लाल शाईची बाटली जेवणाच्या खोलीत ठेवायची नाही, असा आमच्या घरात कायदा होता. कायदा माझ्या पत्नीचा. "पेपर तपासताना तुमचो चेहरो बगून पोरां जेवची नाय," असं तिचं म्हणणं. त्यामुळे माझी सगळी तपासणी ओटीवर चालायची, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला आज मास्तर कितीजणांना बुडवतायत हे दिसायचं.

संपादकांनी पत्र पाठवून या अंकासाठी अनुभव लिहायला सांगितलं, तेव्हा 'गणितासारख्या रुक्ष विषयात' असे शब्द त्यांनी वापरले होते. ते मी निळ्या पेन्सिलीनं खोडले आणि मग लिहायला बसलो. कुठे जन्मलो, कुठे शिकलो, पगार किती होता, हे काही सांगत नाही. मी पन्नास-साठच्या दशकांत मालवणच्या किनाऱ्यावर गणित शिकवलं. आधी हायस्कुलात, आणि मग खाडीवरची होडीची तर ओलांडून पलीकडच्या गावात कॉलेज निघालं तिथं. कॉलेजचं नाव घेत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, कारण काथ्याच्या जुन्या गोदामात भरणारं कॉलेज त्या काळी दुसरं नव्हतं. पावसाळ्यात भिंतींना ओल आली की सगळ्या वर्गाला दोरखंडाचा वास यायचा. बी.ए.ला गणित घेणारी मुलं वर्षाला सात, फार तर नऊ. त्यांना मी ज्या काही गोष्टी शिकवायचो, त्यांतली माझी सगळ्यांत लाडकी म्हणजे आयवा घात.

आता आय म्हणजे काय हे सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. ज्या संख्येचा वर्ग उणे एक येतो, ती आय. शाळेतले मास्तर सांगतात, उणे संख्येचं वर्गमूळ निघत नाही. कॉलेजातले मास्तर सांगतात, निघतं. मास्तर या जातीवरचा मुलांचा विश्वास तिथून उडायला लागतो. मी फळ्यावर एक आडवी रेघ काढायचो. मध्ये शून्य, उजवीकडे एक, डावीकडे उणे एक. एकावर उभे राहा आणि शून्याभोवती अर्धा फेरा मारा, उणे एकवर पोचता. पाव फेऱ्यावरच थांबलात, तर शून्याच्या बरोब्बर वर येता. तिथं आय. म्हणजे ही काही भुताटकी नाही, नुसता पाव फेरा आहे. दोन पाव मिळून अर्धा, म्हणून आयचा वर्ग उणे एक. इथपर्यंत मुलं खूश असायची.

पुढं पंचाईत. दोनचा तिसरा घात म्हणजे दोनला तीनदा मांडून गुणायचं. पण आयवा घात म्हणजे कितीदा मांडायचं? पाव फेऱ्याइतक्या वेळा? इथं लॉगरिदम मदतीला येतो. संख्येचा लॉगरिदम काढा, त्याला घातानं गुणा, आणि आलात तसे परत जा. फक्त आपली संख्या आता रेघेवर नाही, शून्याभोवतीच्या मोकळ्या मैदानात कुठंही आहे. म्हणून तिच्या लॉगरिदममध्ये दोन गोष्टी साठवाव्या लागतात. ती शून्यापासून किती लांब आहे, ही एक. आणि तिच्यापर्यंत पोचायला किती फिरावं लागलं, ही दुसरी. सगळा घोळ आणि सगळी मजा या दुसऱ्या गोष्टीत आहे.

या विषयातलं माझं सगळ्यांत चमत्कारिक गिऱ्हाईक म्हणजे आमच्या गावचे निवृत्त पोस्टमास्तर, बापू. बापूंना वेळ जात नसे. ते छत्री घेऊन कॉलेजच्या व्हरांड्यात यायचे आणि खिडकीशी उभे राहून कोणताही तास ऐकायचे. एकदा मी फळ्यावर आयचा आयवा घात काढला. उत्तर आलं शून्य पॉइंट दोन शून्य सात नऊ. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं, कारण परीक्षेत येतं. बापू मात्र खिडकीतून ओरडले, "मास्तर, थांबा! नसलेल्या संख्येला नसलेल्या संख्येचा घात दिलात, आणि आली ती असलेली संख्या? पोस्टात असलं पार्सल आलं असतं, तर मी सही करून घेतलं नसतं!"

मी त्यांना आत बोलावून बाकावर बसवलं. दुसऱ्या दिवशी ते घरून विचार करून आले. "पाव फेरा मारून मी आयवर पोचतो, कबूल. पण मला घाई नाही. मी एक अख्खा फेरा मारून, वर पाव फेरा मारून तिथंच पोचलो, तर?"

"तर उत्तर वेगळं येतं. जवळजवळ शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य चार."

"आणि उलट्या बाजूनं पाऊण फेरा मारून आलो, तर?"

"एकशे अकरा."

बापूंनी छत्री खाली ठेवली. "मग यातला खरा पत्ता कुठला?"

"सगळेच खरे. जितके फेरे, तितकी उत्तरं. मोजून संपायची नाहीत. फक्त त्यातल्या एकाला आम्ही मुख्य किंमत म्हणतो. कमीत कमी फिरून जी मिळते, ती."

"म्हणजे पाटी एका दारावर," बापू म्हणाले, "पण दारं सगळीच उघडी." ते इतके खूश झाले, की पुढचा आठवडाभर बाजारात भेटेल त्याला त्यांनी ही बातमी दिली. मासे घेताना दिली, दाढी करताना दिली. आयचा आयवा घात एकशे अकरा असू शकतो हे माहीत असलेला न्हावी साऱ्या मुंबई इलाख्यात आमच्याच गावात असावा. मीही त्या दिवसांत छाती काढून फिरत होतो. शिकवण्यात जे सुख असतं ते असं कधीतरी एकदम पदरात पडतं.

एवढं सगळं मी बापूंना थाटात समजावलं होतं, हे सांगायचं कारण पुढच्याच वर्षी मी जे केलं ते.

सुनंदा ही भिकू तांडेलाची मुलगी. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचा प्रमुख, खलाशी त्याच्या शब्दाबाहेर नाहीत असा. घरात शिकणारी ही पहिलीच. सुनंदाला हुशार म्हणता येणार नाही. ती चिवट होती. दुसरी मुलं एका तासात सहा उदाहरणं करायची, ही तीन करायची, पण तिसरं संपल्यावर पहिलं पुन्हा तपासायची. तासाला माझ्याशी प्रमाण मराठी बोलायची, आणि उदाहरण सुटलं की तोंडातून "सुटला गो बाय!" असं निघून जायचं. मग ती जीभ चावायची आणि सगळा वर्ग हसायचा.

तिच्या घरी एक ठराव झाला होता. तीन वर्षं शीक. तिसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसून पास झालीस, तर नोकरी कर, कोणी अडवणार नाही. नाही बसलीस, तर घरी यायचं, आणि आईबरोबर मासळीच्या कामाला लागायचं; लग्नाचंही बघायचं. ठराव कडक नव्हता. त्या काळच्या मानानं उदारच होता. पण दुसरी संधी त्यात नव्हती, आणि हे सुनंदालाही ठाऊक होतं, मलाही.

त्या वेळी कॉलेजांत एक रीत होती. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेआधी आम्ही आमची पूर्वपरीक्षा घ्यायचो. तीत जो नापास होईल त्याचा फॉर्म प्राचार्य अडवायचे, म्हणजे सही न करता मुलाच्या हातात परत द्यायचे. फॉर्म अडवला की वर्ष गेलं. जानेवारीत ती परीक्षा झाली. गणिताचा पेपर माझा. माझे पेपर कठीण असतात अशी ख्याती होती, आणि मला तिचा अभिमान होता, हेही आता कबूल करून टाकतो. शंभरपैकी पस्तीसला पास. सुनंदाला अठ्ठावीस मिळाले. बाकीच्या विषयांत ती सुटली होती. गणितात बुडाली आणि तिचा फॉर्म परत गेला.

तिच्या पेपरात आठ गुणांचा एक प्रश्न होता. उणे एकचा आयवा घात काढा. पुस्तकातलं उत्तर शून्य पॉइंट शून्य चार तीन दोन. सुनंदाचं उत्तर तेवीस पॉइंट चौदा. मी त्यावर एक सणसणीत लाल रेघ मारली, शून्य दिलं, आणि वर 'अशक्य' असा शेरा लिहिला. समासात तिनं एक वर्तुळ काढून बाण दाखवला होता. तो मी पाहिलाच नाही. अडतिसावा पेपर असता, तर दमलो होतो म्हणालो असतो. पण पेपर नऊच होते, आणि हा दुसरा होता.

पुढच्या रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला भिकू तांडेल आमच्या ओटीवर आला. हातात केळीच्या पानात गुंडाळलेली सुरमई, आणि खांद्यावरच्या पंच्यात सुनंदाचा पेपर. पेपर आम्ही मुलांना परत देत असू.

"मास्तरानू, ही सुरमय हाडलंय," तो मासा पुढं करत म्हणाला. "माज्या चेडवापाठी तुमी तीन वर्सां गळो सुकवलात. तेच्या हातान झाला नाय, तेका तुमी काय करतलात?"

तो भांडायला आला असता, तर मला बरं वाटलं असतं. तो आभार मानायला आला होता. मी त्याला बसायला सांगितलं आणि सुनंदा कशी आहे ते विचारलं.

"काय सांगू? पान उघडून बसलासा. माका इचारता, बाबा, दोर उजवो गुंडाळलो तर चुकता काय? मी म्हटलंय, दोर उजवोच गुंडाळूचो. डावो गुंडाळशीत तर गाठी पडतल्यो. तर म्हणता, सरांनी शून्य दिल्यानी."

मला काही कळेना. मी पेपर उघडला, आणि समासातलं ते वर्तुळ पहिल्यांदा पाहिलं. एकपासून निघालेला बाण खालच्या बाजूनं, घड्याळाच्या काट्यासारखा उजवा वळून उणे एकवर पोचला होता. तांडेलाच्या घरात जन्मलेल्या मुलीनं लहानपणापासून हजारदा दोर गुंडाळला असेल, आणि तो दर वेळी उजवा. फिरायचं म्हटल्यावर तिचा हात उजवीकडेच वळणार. आमच्या शास्त्रात कोन डावीकडे वळत, काट्याच्या उलट मोजतात. मी मास्तरकी आवाजात तसं सांगितलं.

"कित्याक?" तांडेल म्हणाला.

"तसं ठरलंय."

"कोणी ठरवल्यान?"

"पुस्तकवाल्यांनी," मी म्हणालो. "तुमी तसा पेपरात लिवलल्यात?" त्यानं अगदी सरळपणे विचारलं. मी आत जाऊन प्रश्नपत्रिका आणली. प्रश्न इंग्रजीत होता, माझ्याच भाषेत, आणि त्याचा अर्थ असा होता: 'उणे एकच्या आयव्या घाताची कोणतीही एक किंमत काढा.' कोणतीही एक. माझेच शब्द.

तरी माझं डोकं अजून पुस्तकातल्या उत्तराला चिकटून होतं. "अरे पण तिचं उत्तर तेवीस आहे," मी म्हणालो. "माझं एकाच्या विसाव्या हिश्शापेक्षा लहान. दोघं उणे एकवरच पोचलो ना? मग?"

भिकू तांडेल हसला. "मास्तरानू, खाडीच्या तोंडात बोट दोन नांगरांवर उबी करतत. भरती इली की तोंड हयसर, ओहोटी इली की थयसर. दुसऱ्या दिसा येवन बगलास, तर तोंड काल होता थयच. पण मधी बोट फिरली ती डावी काय उजवी, आणि फेरे एक काय दोन, ता तोंड बगून कळात काय? दोराचो पीळ बगूक होयो. आता पीळ उजवो निगालो म्हणान तो चुकीचो जाता? तो उजवो आसा, इतक्याच. तांडेलान तो मोजूचो आणि तसो सोडवूचो."

अनेक किमतींचा लॉगरिदम मी चार वर्षं शिकवत होतो, आणि समोरचा माणूस तो मांडीवर सुरमई घेऊन सांगत होता. उणे एक ही संख्या तर या बाबतीत जास्तच अडनिडी. डावीकडून गेलात तरी अर्धा फेरा, उजवीकडून गेलात तरी अर्धाच. दोन्ही वाटा सारख्या लांबीच्या. डावी घ्यायची, एवढंच पुस्तकवाल्यांनी आपसांत ठरवलेलं. डाव्या वाटेनं पुस्तकातलं उत्तर येतं, उजव्या वाटेनं तेवीस पॉइंट चौदा. मी कागद घेऊन पडताळा केला. गरज नव्हती, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. तेवीस पॉइंट चौदा. आठपैकी आठ. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी तांडेलाकडे बघू शकेना. आणि लाजेच्या मागोमाग एक आनंदही उसळून आला. मुलगी नापास नव्हतीच!

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "तुझी मुलगी पास आहे."

दारात उभ्या असलेल्या माझ्या पत्नीनं सगळं ऐकलं होतं. "मगे बसल्यात कित्याक?" ती म्हणाली. "उटा!"

उठायचं खरं, पण जायचं कुठे? प्राचार्य आदल्याच दिवशी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन कुडाळला बहिणीकडे गेले होते. तिथं रविवारी पूजा, आणि सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं ते गठ्ठ्यासकट युनिव्हर्सिटीच्या गावी निघणार होते. फॉर्म भरायची ती शेवटची मुदत. आमच्या गावची एस.टी. सकाळीच निघून गेलेली, दुसरी सोमवारी. तारेनं निरोप पाठवता येतो, फॉर्म पाठवता येत नाही.

"भरती धा वाजता लागतली," तांडेल म्हणाला. त्याला हिशेब करावा लागला नाही. "कर्लीच्या खाडीतसून नेरूरपाराक होडयेन. थयसून कुडाळ चलत. सांजेआदी पावतलो."

साडेदहाला आम्ही होडीत होतो. तांडेल, त्याचा भाऊ, मी, आणि परत आलेला फॉर्म उराशी धरून बसलेली सुनंदा. मी तिला किनाऱ्यावरच सांगितलं, "तुझं उत्तर बरोबर होतं. मी चुकलो." मला वाटलं ती रडेल. तिनं विचारलं, "सर, म्हणजे पूर्ण बरोबर, की एका अर्थानं बरोबर?" पूर्ण बरोबर, असं मी म्हणालो तेव्हा ती जी हसली, ती नेरूरपारपर्यंत हसतच होती. खाली भरतीचं पाणी आम्हाला आत ढकलत होतं, मागून समुद्रावरचा वारा शिडात भरला होता, दोन्ही काठांवर माड मागे सरत होते. मध्येच सुनंदा म्हणाली, "सर, आणखी एक फेरा उजवीकडून घेतला तर उत्तर बारा हजारांवर जातं." मी म्हणालो, "आता गप बस. मी प्राचार्यांना तेवीसच कसं सांगायचं या चिंतेत आहे." तांडेलाला यातलं किती कळलं माहीत नाही, पण तोही हसत होता. नापास केलेल्या मुलीच्या बापाच्या होडीतून चूक निस्तरायला जाताना मास्तरानं खजील असायला हवं होतं. मी मात्र सुटी लागलेल्या मुलासारखा खूश होतो.

नेरूरपारपासून कुडाळपर्यंत आम्ही जवळजवळ धावतच गेलो. माझ्या वहाणेचा अंगठा वाटेत तुटला. ती हातात घेऊन मी प्राचार्यांच्या बहिणीच्या अंगणात शिरलो तेव्हा चार वाजले होते. पूजा आटोपून मंडळी प्रसादाला बसली होती. आमचे प्राचार्य साताऱ्याकडचे, विषय इतिहास, माणूस सरळ पण वाकायला कठीण. मी सगळं सांगितलं. सुरमईसुद्धा सांगितली, कारण ती मागाहून कोणीतरी सांगितलीच असती.

"म्हणजे ती तुम्ही खाल्लीत, आणि शून्याचे आठ झाले?" प्राचार्य म्हणाले.

"अजून चिरलीही नाही, साहेब."

"अहो, तुमचं उत्तर शून्य पॉइंट शून्य चार. हिचं तेवीस. माझ्या विषयात लढाईचं साल चार वर्षांनी चुकलं तरी मी शून्य देतो. दोन्ही बरोबर कशी असतील? उद्या बाकीची नापास मुलं माझ्या दारात येतील, त्यांना मी काय सांगू?"

मी बोलायला लागलो आणि नेहमीप्रमाणे शास्त्रीय शब्दांत अडकलो. प्राचार्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. फॉर्म सुनंदाच्या हातात होता, पेन प्राचार्यांच्या खिशात होतं, आणि ते खिशातून बाहेर यायचं लक्षण दिसेना.

तेव्हा सुनंदा पुढं झाली. रांगोळीचा वाडगा तुळशीपाशीच होता. तिनं सारवलेल्या अंगणात एक वर्तुळ काढलं. "सर, इथं एक, आणि समोर उणे एक. आमचे सर डावीकडून गेले. मी उजवीकडून गेले. दोघं एकाच जागी पोचलो, पण आमच्या दोघांच्या वाटा जोडल्या तर किती होतं?"

"पूर्ण वर्तुळ," प्राचार्य म्हणाले.

"म्हणजे आमच्यात एका पूर्ण फेऱ्याचा फरक. या उदाहरणात एका फेऱ्याचा फरक पडला की उत्तर पाचशे पस्तीस पॉइंट पाच पटींनी बदलतं. चुकलं असतं तर वाटेल तितकं चुकलं असतं, सर. तुम्हीच गुणून बघा. आमच्या सरांचं उत्तर घ्या, शून्य पॉइंट शून्य चार तीन दोन."

प्राचार्यांनी पूजेच्या आमंत्रणाच्या पाठीवर गुणाकार मांडला. पेन बाहेर आलं होतं! पंचवीस वर्षांत त्यांनी एवढा मोठा गुणाकार केला नसावा. एकदा हातचा विसरले, पुन्हा केला. अंगणातली सगळी मंडळी द्रोण हातात धरून बघत उभी.

"तेवीस," ते म्हणाले. मग पुन्हा मोठ्यानं, "अहो, तेवीसच आले! ताई, बघ, तेवीस आले!" त्यांच्या ताईंना काय आलं ते कळलं नाही, तरी त्यांना बरं वाटलं. भटजींनी तर टाळीच वाजवली.

प्राचार्यांनी पेपर पुढं ओढला. "इथं शून्य खोडून गुण लिहा. आणि शेऱ्यात कारण लिहा. स्पष्ट लिहा. उद्या कोणी विचारलं, तर कागद बोलला पाहिजे." मी 'अशक्य' हा माझा शब्द खोडला आणि त्याच्याखाली लिहिलं, 'परीक्षकाची चूक.' खाली सही केली. मग आठ हा आकडा लिहायला लागलो, तर सुनंदा म्हणाली, "सर, सात द्या."

"काय?"

"आणखी किमती असतात, हे मी लिहिलं नव्हतं. एक गुण जायला हवा. सातनंही होतंय, सर. अठ्ठावीस आणि सात पस्तीस."

"गप गो!" तांडेल मागून कळवळून म्हणाला.

"प्रश्नात एकच किंमत मागितली होती," मी म्हणालो. "तू एक दिलीस. आठ."

"पण सर—"

"छत्तीस," प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी फॉर्मवर सही ठोकली. "मास्तर-विद्यार्थ्यांचं गुणांवरून भांडण मी पुष्कळ पाहिलं. हे उलटं पहिल्यांदाच पाहतोय. आता दोघंही गप बसा आणि प्रसाद घ्या." अंगणात जो हशा पिकला, त्यात भिकू तांडेल डोळे पुसत होता. मीही पुसले. मला माझ्या धंद्याचा इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता, आणि त्याच आनंदात हेही टोचत होतं की बाकीच्या वर्षांत अशी किती शून्यं माझ्या हातून सुटली असतील. त्या मुलांचे बाप ओटीवर आले नाहीत. आले असते तरी मी पेपर उघडला असता की नाही, कोण जाणे.

सुनंदा जूनमध्ये पास झाली. तीनच आठवड्यांत तिला खाडीपलीकडच्या हायस्कुलात नोकरी लागली, सातवी आणि आठवीच्या गणिताची. पहिल्या चाचणीनंतरच्या शनिवारी दुपारी ती आमच्याकडे आली ती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. सगळा गठ्ठा नव्हता, त्यातली वेचून काढलेली पानं होती.

"सर, हयसर मी शून्यं दिलेली आसत," ती म्हणाली. आता ती माझी विद्यार्थिनी नव्हती, म्हणून माझ्याशी घरच्या बोलीत बोलायला लागली होती. "तेवडी एकदा बगा."

एकवीस पानं होती. आम्ही ओटीवर समोरासमोर बसलो आणि एकेक पान वाचलं. समास वाचला, खोडलेलं वाचलं, पाठीमागं केलेलं कच्चं काम वाचलं. एकोणीस शून्यं पक्की निघाली. दोन नव्हती. सोमवारी तिनं सगळ्या वर्गासमोर त्या दोन मुलांना सांगितलं, की चूक बाईंची होती. तीस वर्षांच्या नोकरीत चूक कबूल करणं मला एकदाच जमलं.